वाफेचा स्वयंपाक आणि मायक्रोवेव्ह

रत्नागिरीतल्या अनेक स्वयंपाकघरांत आता मायक्रोवेव्ह दिसतो. मुंबईहून येताना मुलाने आणलेला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेला, वर विणलेला रुमाल घातलेला. त्यात सकाळी दूध तापतं, रात्री उरलेली आमटी गरम होते, फार तर एखादा पापड भाजला जातो. खरा स्वयंपाक गॅसवरच. "त्यात शिजवलेल्याला चव नसते," असं सगळे सांगतात, आणि हे मत बहुधा एकदोन पदार्थ फसल्यावर कायमचं झालेलं असतं. मला ते घाईचं वाटतं. कोकणातलं बरंचसं रांधप वाफेवरचं आहे. उकडीचे मोदक, हळदीच्या पानातले पातोळे, बरक्या फणसाची सांदणं, अळूवडीचे उंडे, उकडलेल्या आठळ्या, केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेला मासा. आणि मायक्रोवेव्ह मुळात पदार्थातल्याच पाण्याची वाफ करून पदार्थ शिजवतो. म्हणजे पंजाबी तंदुरीपेक्षा आपल्या स्वयंपाकाशी त्याचं जास्त जमायला हवं. ते जमत नाही, कारण आपण त्याला गॅसच्या शेगडीसारखं वागवतो.

त्याची रीत कळायची तर आत काय घडतं ते आधी पाहायला हवं. या पेटीचं हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन नावाची नळी. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी तिची जोमदार आवृत्ती १९४० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडॉल आणि हॅरी बूट यांनी बनवली. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत हीच नळी बनवणाऱ्या पर्सी स्पेन्सर या तंत्रज्ञाच्या खिशातलं चॉकलेट १९४५ मध्ये तो तिच्याजवळ उभा असताना वितळलं, अशी गोष्ट सांगतात. एवढं नक्की, की त्याच वर्षी स्पेन्सरने या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये माणसाच्या उंचीचे पहिले ओव्हन बाजारात आले. ओट्यावर मावणारा घरगुती ओव्हन यायला १९६७ उजाडलं. इतक्या आखूड लहरींवर आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात प्रयोग केले होते. भिंतीपलीकडची घंटा त्यांनी या लहरींनी वाजवून दाखवली होती.

घरच्या ओव्हनमधल्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा आंदोलन करतात. पाण्याच्या कणाचं एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं, त्यामुळे लहर जशी फिरेल तसा तो कण वळायला बघतो. शेजारच्या कणांना ढोसत, घासत तो वळतो आणि त्या घासण्यातून उष्णता तयार होते. मीठ विरघळलेलं असेल तर त्याचे भारित कणही मागेपुढे ओढले जातात आणि तेही उष्णता देतात. एवढंच. या लहरींत अणूंचे बंध तोडण्याइतकी ताकद नसते, त्यामुळे अन्न किरणोत्सारी होण्याचा प्रश्नच येत नाही. उलट कमी पाण्यात आणि कमी वेळात शिजल्यामुळे पालेभाजीतलं क जीवनसत्त्व भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा जास्त टिकतं.

पेटी अन्न आतून बाहेर शिजवते, हा समज मात्र काढून टाकायला हवा. ओल्या पदार्थात या लहरी साधारण एक ते दोन सेंटिमीटर खोल जातात आणि तेवढ्यात त्यांचा बराचसा जोर संपतो. त्याच्या आतला भाग शिजतो तो बाहेरून आत हळूहळू सरकणाऱ्या उष्णतेने, गॅसवर शिजतो तसाच. या एका गोष्टीत निम्मं तंत्र आहे. अळूवडीचा उंडा मनगटाएवढा जाड केला तर कडा चिवट होतात आणि गाभा कच्चा राहतो, मग घसा खवखवतो. तोच उंडा चारपाच सेंटिमीटर जाडीचा, लांबट केला तर लहरी सगळीकडून गाभ्याच्या जवळपर्यंत पोचतात आणि सहासात मिनिटांत तो एकसारखा शिजतो. बटाटे, सुरण, कच्ची केळी, नीरफणस, सगळ्यांना हाच नियम. फोडी लहान आणि सारख्या आकाराच्या हव्यात.

लहरी पेटीच्या पत्र्याच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहरींची गाठ पडून काही जागी जोर एकवटतो, काही जागी जवळजवळ शून्य होतो. दोर भिंतीला बांधून हलवला की काही बिंदू जोरात उडतात आणि मधले स्थिर राहतात, तसंच. लहरीची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे तापलेल्या दोन जागा साधारण सहा सेंटिमीटरवर येतात. फिरती थाळी याच दोषावर उपाय म्हणून बसवलेली असते. पण थाळीचा नेमका मध्यबिंदू फिरूनही जागचा हलत नाही. म्हणून मोदक असोत, वाट्यांतली सांदणं असोत किंवा माशाचे तुकडे, ते थाळीच्या कडेने गोलाकार मांडावेत आणि मधली जागा मोकळी ठेवावी. माशाची जाड बाजू बाहेर, शेपटीकडची पातळ बाजू आत. एकच वाडगा असेल तर तो मध्याच्या जरा बाजूला ठेवावा आणि निम्म्या वेळेला ढवळावा. ढवळणं हा इथे आळस करण्याचा भाग नाही. पिठलं, खीर, रव्याचा सांजा यांत गुठळ्या होतात त्या बहुतेक न ढवळल्यामुळेच.

आता चवीचं. जोवर पदार्थाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि पेटीतली हवा तर थंडच असते. भाजण्याचा तो खरपूस रंग आणि वास १४० अंशांच्या पुढे खऱ्या अर्थाने येतो. साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या त्या क्रियेचं वर्णन फ्रान्सच्या लुई कामिय मैयार यांनी १९१२ मध्ये केलं. म्हणजे भाजक्या कांदाखोबऱ्याच्या वाटपाचा, तव्यावरच्या घावनाच्या जाळीदार कडेचा आणि रव्यात घोळवून तळलेल्या सुरमईचा स्वाद साध्या मायक्रोवेव्हमध्ये येणार नाही. ते गॅसवरच करावं. फोडणीही गॅसवरच, लोखंडी किंवा पितळी कढल्यात. काचेच्या भांड्यात तेल तापवून पेटीत फोडणी करण्याच्या कृती सांगितल्या जातात, पण तेल किती तापलंय ते दिसत नाही आणि ओलसर कढीपत्ता पडला की ते अंगावर उडतं. मी ते कुणालाही सुचवणार नाही. कामाची वाटणी सोपी आहे. वाटप भाजायचं, फोडणी द्यायची ती गॅसवर. भाजी, मासा, उकड शिजवायची ती पेटीत. शिजलेल्यावर वरून चरचरीत फोडणी ओतली की "चव नसते" ही तक्रार बहुतांशी मिटते.

वेळेचा घोळ हा दुसरा मोठा अडसर. पुस्तकात "पाच मिनिटं" लिहिलेलं असतं, पण ती कोणत्या यंत्रावरची हे कुणी पाहत नाही. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा पेटी किती वीज ओढते त्याचा असतो. अन्नापर्यंत त्यातली साधारण ५० ते ६५ टक्के ताकद पोचते. १,३०० वॉट ओढणारी पेटी अन्नाला ८०० वॉटच्या आसपास देते. आपल्या पेटीचा खरा आकडा घरी काढता येतो. काचेच्या भांड्यात मोजून १ लिटर नळाचं पाणी घ्या, ढवळून तापमान मोजा, पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट ठेवा, पुन्हा ढवळून मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. दहा अंश वाढले तर यंत्र ७०० वॉटचं, साडेअकरा वाढले तर ८०० चं. तापमापी नसेल तर एक कप, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी कितीत उकळतं ते पाहा. ८०० वॉटला दीड मिनिटाच्या आसपास लागतं, ६०० वॉटला दोनच्या आसपास. हे करताना कपात लाकडी चमचा ठेवावा. गुळगुळीत काचेत बुडबुडा धरायला जागा नसेल तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही शांत दिसतं आणि कप हलवताच किंवा साखर टाकताच एकदम उसळून हात भाजतो.

आकडा कळला की बाकी त्रैराशिक. ९०० वॉटवर पाच मिनिटं सांगितली असतील तर ७०० वॉटवर साधारण साडेसहा. पाणी तापवण्याचा हा प्रयोग दिवेलागणीला पुन्हा करून पाहण्यासारखा आहे. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की जुन्या धाटणीच्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांची ताकदही उतरते, आणि दुपारी जमलेली भाजी रात्री कच्ची राहते. दोष कृतीचा नसतो.

पदार्थ दुप्पट केला की वेळही जवळजवळ दुप्पट लागतो, हे गॅसपेक्षा वेगळं गणित आहे. पेटीची ताकद ठरलेली असते आणि ती जेवढं अन्न असेल तेवढ्यात वाटली जाते. त्यामुळे ही पेटी दोघांच्या घराला फार उपयोगी आहे. मुलं पुण्या-मुंबईला, घरात आजी-आजोबा दोघंच, अशी घरं कोकणात गावोगाव आहेत. त्यांना पाव किलो भाजी, चार सांदणं, दोन तुकडे मासा यासाठी हिच्यासारखं दुसरं साधन नाही. पातेलं करपत नाही, गॅस चालू ठेवून विसरण्याची भीती नाही. गणपतीत चाकरमानी आले आणि पंधरा पानं उठायची असली की मात्र मोदकपात्रच बाहेर काढावं.

ताकद कमी करण्याचं बटण बहुतेक जण कधी दाबतच नाहीत. साध्या यंत्रात अर्धी ताकद म्हणजे निम्मा वेळ पूर्ण जोर आणि निम्मा वेळ बंद. कान दिला तर घुमणारा आवाज येताजाताना कळतो. ज्या यंत्रात इन्व्हर्टर असतो त्यात जोर खरोखर उतरतो. बंद असतानाच्या त्या सेकंदांत बाहेरची उष्णता आत मुरते. नारळाचा रस घातलेलं कालवण, दूध, अंडं, मासा यांना हीच मंद आच हवी असते. पूर्ण जोरावर नारळाचा रस फुटतो, तेल वेगळं तरंगतं आणि कालवण दाणेदार होतं. सोलकढी तर मुळीच तापवू नये.

मुरणं हा कृतीचाच भाग आहे, त्याला वगळू नये. घंटी वाजली म्हणजे शिजून झालं असं नव्हे. लहरी थांबल्या तरी आत उष्णता सरकत राहते, आणि झाकण ठेवून दोनपाच मिनिटं ठेवलं की गाभा शिजतो, कडांना सुटलेली वाफ परत मुरते. म्हणून पदार्थ थोडा कमी शिजलेला असतानाच थांबावं. सांदण बाहेर काढताना वरून किंचित ओलं दिसायला हवं. कोरडं दिसेपर्यंत ठेवलं तर ते गार झाल्यावर रबरासारखं ताणतं. वाट्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या घ्याव्यात, निम्म्याच भराव्यात, पाऊण ताकदीवर चार वाट्यांना तीनसाडेतीन मिनिटं पुरतात.

उकडीला मायक्रोवेव्ह फार चांगला आहे. एक कप पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणावी, एक कप तांदळाची पिठी घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळावी, झाकून दीड-दोन मिनिटं वाफ आणावी आणि पाच मिनिटं तशीच ठेवावी. तांदळाच्या पिष्टाला पाणी शोषून फुगायला साधारण ६५ ते ८० अंश लागतात, ते इथे एकसारखे मिळतात आणि तळाला खरपुडी धरत नाही. मोदक वाफवण्याचं मात्र वेगळं आहे. गुळाचं सारण पारीपेक्षा लवकर आणि जास्त तापतं, आत वाफ धरते आणि कळ्या सुटतात. पाचसहा मोदक करायचे असतील तर पाण्यात बुडवून, झाकून, साठ टक्के ताकदीवर करता येतात. नैवेद्याचे मोदक मी मोदकपात्रातच करीन. पातोळ्यांना हा धोका कमी, कारण पारी पातळ आणि वर हळदीचं पान ओल धरून ठेवतं. पानाचा वासही झाकणाखाली कोंडून राहतो.

बंद सालीच्या गोष्टींत वाफ अडकते आणि त्या फुटतात. हे कोकणी स्वयंपाकघरात जास्त लक्षात ठेवायला हवं. आठळ्या न चिरता ठेवल्या तर त्या आवाज करून फुटतात आणि क्वचित दारही उघडतात. प्रत्येक आठळीचं टोक सुरीने कापावं किंवा ती ठेचून घ्यावी, अर्धी वाटी पाणी घालून झाकावं. मूठभर आठळ्यांना ८०० वॉटवर सहाआठ मिनिटं आणि मग पाच मिनिटं मुरणं पुरतं. जुन्या, वाळलेल्या असतील तर पाणी आणि वेळ दोन्ही वाढवावे. पन्ह्याच्या कैरीला काट्याने सातआठ ठिकाणी टोचावं. दोन मध्यम कैऱ्या पाच मिनिटांत इतक्या मऊ होतात की गर चमच्याने निघतो. कवचासकट अंडं कधीच ठेवू नये, सोललेलं उकडलेलं अंडंही गरम करू नये. आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी! तिच्या पिशवीला टोचे मारून, झाकून, अर्ध्या ताकदीवरच शिजवावी.

मासा हे या पेटीचं सर्वांत यशस्वी काम आहे, आणि आपण नेमकं तेच करत नाही. माशाचे स्नायू आखूड असतात, त्यांना जोडणारं ऊतक मटणाच्या मानाने फार कमी तापमानाला विरघळतं. ६० अंशांच्या आसपास पाकळ्या सुटू लागतात. जास्त शिजवणं हाच त्याचा शत्रू. मिरकरवाड्याच्या बंदरावर ताजं पापलेट मिळालं तर हळद, आलं-लसूण, कोथिंबीर-खोबऱ्याचं हिरवं वाटण आणि आगळ लावून केळीच्या पानात गुंडाळावं. पान आधी पेटीतच वीस सेकंद ठेवलं की मऊ होतं आणि घडी करताना फाटत नाही. ३०० ग्रॅमला सत्तर टक्के ताकदीवर चारपाच मिनिटं, मग तीन मिनिटं मुरणं. मीठ शक्य तितकं शेवटी किंवा वाटणात मिसळून लावावं. नुसतं वरून चोळलेलं मीठ ओल ओढून पृष्ठभागावर खारं पाणी करतं, ते लहरी तिथेच शोषून घेतं, बाहेरचा थर कोरडा पडतो आणि आत कमी पोचतं. बांगड्याला दोन्ही बाजूंनी चिरा द्याव्यात, नाहीतर कातडं फाटतं. तिरफळ घालायचं तर ठेचून वाटणातच घालावं, म्हणजे थोड्या वेळातही वास उतरतो. तिसऱ्यांना पाणीसुद्धा नको. धुऊन एका थरात पसरट भांड्यात ठेवून झाकलं की दोनतीन मिनिटांत शिंपले उघडतात. उघडतील तसे काढत जावं, न उघडलेले टाकून द्यावेत, आणि तळाला सुटलेलं पाणी गाळून कालवणात वापरावं. त्यात सगळी चव असते.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा फ्रीजरमधला मासा बाहेर निघतो, आणि बर्फ सोडवतानाच बहुतेक नासधूस होते. कारण मजेशीर आहे. बर्फातले पाण्याचे कण जागच्या जागी जखडलेले असतात, लहरीबरोबर वळू शकत नाहीत. त्यामुळे शुद्ध बर्फ या लहरी पाण्याच्या मानाने जवळजवळ शोषतच नाही. कडेचा एखादा भाग जरा वितळला की तिथलं पाणी लहरी भराभर खाऊ लागतं, आणखी तापतं, आणखी खातं. मधे दगड आणि कडेला शिजलेला मासा, हे त्याचं फळ. म्हणून तीस टक्क्यांहून जास्त ताकद वापरू नये, दर दोन मिनिटांनी उलटावं, सुटलेलं पाणी ओतून टाकावं, वितळलेले तुकडे वेगळे करून काढून घ्यावेत आणि मधे थोडा बर्फ असतानाच थांबून उरलेलं बाहेर सुटू द्यावं. सोडवलेला मासा लगेच शिजवायचा, पुन्हा गोठवायचा नाही. गोठवतानाच तुकडे पातळ, सपाट पिशवीत एका थरात ठेवले तर या सगळ्या खटाटोपातला बराचसा वाचतो.

भाताला या पेटीत वेळ वाचत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तांदळाला पाणी आत ओढायला लागणारा वेळ कोणत्याही लहरीने कमी होत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तिप्पट मोठं भांडं, पाच मिनिटं पूर्ण ताकद, दहाबारा मिनिटं अर्धी, मग दहा मिनिटं झाकून. सोय एवढीच की उतू जात नाही आणि लागत नाही. उकड्या तांदळाला याहून जास्त वेळ आणि पाणी लागतं, पेजेला तर गॅसच बरा. तुरीची डाळ, कुळीथ, वाल, चवळी ही कुकरची कामं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, पेटीत ते १०० लाच अडतं. कुळथाचं पिठलं मात्र छान होतं, दर मिनिटाला ढवळलं तर.

पावसाळ्यात आणखी एक उपयोग सापडतो. रत्नागिरीच्या हवेत जून ते सप्टेंबर काही कुरकुरीत राहत नाही. चिवडा, शेंगदाणे, रवा, पोहे, सगळं सादळतं. हे पदार्थ ताटात पातळ पसरून ३० ते ४० सेकंद ठेवावेत आणि बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असताना ते मऊच लागतात, ओल बाहेर पडून गार झाल्यावर कुरकुरीत होतात. झाकण घालायचं नाही, कारण तीच वाफ परत बसते. शेंगदाणे भाजताना दर मिनिटाला हलवावे आणि हवा तो रंग येण्याआधी थांबावं. पाणी संपलं की त्यांचं तापमान १०० च्या वर जातं आणि बाहेर काढल्यावरही ते आतून भाजत राहतात. भाकरी आणि पोळीला उलटी काळजी. ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरावीस सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि लगेच खावी.

भांड्यांबाबत घरोघरी एक चूक होते, ती श्रीखंडाच्या आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची. ते थंड पदार्थासाठी बनवलेले असतात. गरम तेलकट आमटीने ते वाकतात आणि त्यातली द्रव्यं अन्नात उतरू शकतात. मेलामाइनच्या ताटल्या तर स्वतःच तापतात, त्या वापरूच नयेत. काच आणि सोनेरी काठ नसलेली चिनी माती उत्तम. स्टीलचा डबा लहरी परतवून लावतो, आतलं अन्न धड तापत नाही आणि भिंतीजवळ ठिणग्या उडू शकतात. एखाद्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं, शेजारी पेलाभर पाणी ठेवून, एक मिनिट चालवावं. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर ते चालतं. नुसती रिकामी पेटी कधीही चालवू नये, शोषायला काही नसलं की लहरी परत मॅग्नेट्रॉनवर जातात.

दारातून लहरी बाहेर येतात ही भीती अनेकांना असते. दाराच्या जाळीची भोकं एकदोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटिमीटरची, ती त्यातून पार होत नाही. पेटीपासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट ही गळतीची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, आणि अंतर वाढेल तशी गळती झपाट्याने कमी होते. दार वाकलं, बिजागरी सैल झाली किंवा कड तुटली तर मात्र दुरुस्त केल्याशिवाय वापरू नये. किनाऱ्यावर याकडे जास्त लक्ष हवं, खारी हवा पत्रा खाते. आतला रंग उडून गंज दिसला की तिथे ठिणगी पडते. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा पत्रा असतो, त्यावर उडालेलं तेल साचलं की तो जळतो. वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून पाच मिनिटं उकळू द्यावं आणि सुटलेला थर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. मागच्या जाळीतून पाली आणि मुंग्या शिरतात, मागे हवा खेळायला जागा ठेवून ती जागा स्वच्छ ठेवावी. मेमध्ये आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा.

उरलेलं गरम करण्याचा एक नियम तर पाठ हवा. शिजलेला भात ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यातल्या जिवाणूंनी तयार केलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. तो लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून, झाकून, मधे एकदा हलवून, सगळीकडून वाफा येईपर्यंत, म्हणजे ७५ अंशांपर्यंत तापवावा, आणि एकदाच.

या यंत्रांच्या पुस्तिकांत आठळ्या, सांदणं, पातोळे, तिसऱ्या यांच्या वेळा सहसा नसतात. त्या आपल्यालाच गोळा कराव्या लागतील. तुमच्या पेटीवर एखादा कोकणी पदार्थ नीट जमला की वहीत तीन आकडे लिहा, पेटीचे वॉट, पदार्थाचं वजन आणि लागलेली मिनिटं, आणि ती वही शेजारच्या घरी वाचायला द्या.